सातबारा नसला तरी माणूसच



२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. शेकडो दवाखान्यात पडले. कपाशी डोक्याला लागलेली, फवारा सरळ नाकातोंडात. वरून उत्तर आले: हातमोजे घातले नव्हते, तोंडाला फडके नव्हते. म्हणजे मेला तोच गुन्हेगार! विष विकायला परवाना कोणी दिला, दोन औषधे मिसळा हा सल्ला कोणाचा, हे विचारायचे कोणी?

हे विचारण्याचा अधिकार राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला आहे. त्याच ऑक्टोबरात आयोगाने बातम्यांवरून स्वतः दखल घेऊन महाराष्ट्र शासनाला नोटीस काढली. हा आयोग १९९३ च्या कायद्याने आला. चौकशीत साक्षीदार बोलावणे, कागद मागवणे हे दिवाणी कोर्टाचे अधिकार त्याला आहेत. फी नाही, वकील लागत नाही, तक्रार मराठीत चालते. आणि मुख्य म्हणजे तो सातबारा मागत नाही. सरकारची शेतकरी अपघात योजना खातेदार आणि त्याच्या घरातला एक, एवढ्यापुरतीच. दुसऱ्याच्या वावरात रोजाने पंप पाठीवर घेणारा तिच्याबाहेर. मानवी हक्काचा कायदा मात्र जीव, स्वातंत्र्य, समता आणि प्रतिष्ठा पाहतो, खातेउतारा नाही.

पण भोळेपणा नको. आयोग शिफारस करतो, हुकूम काढत नाही. भरपाई द्या, खटला भरा, असे तो सरकारला सांगतो. मागे लागणारे कोणी नसले तर ती शिफारस फायलीतच वाळते. शिवाय घटनेला वर्ष उलटले की आयोगाला चौकशी करता येत नाही. घरातला कर्ता गेलेल्या कुटुंबाचे वर्ष तर सावरण्यातच जाते.

म्हणून नागपूरच्या बैठकीपुढे आमचा प्रस्ताव आहे. प्रत्येक तालुक्यात दोन कार्यकर्ते नेमा. विषबाधा झाली की दवाखान्याचे कागद, कृषी केंद्राची पावती, लेबलासकट औषधाची बाटली आणि पंचनाम्याची नक्कल आठवड्यात गोळा करा. महिन्याच्या आत तक्रार दिल्लीच्या किंवा मुंबईच्या राज्य आयोगाकडे पाठवा, दोघांपैकी एकाकडेच. मजुराच्या तक्रारीवर वावराच्या मालकाने साक्षीदार म्हणून सही करावी. अंगावर येईल म्हणून मालक गप्प बसला तर परवानेवाले आणि कंपनीवाले दोघेही सुटतात.

यवतमाळच्या मृतांच्या घरी सरकारने दोन लाख रुपये जाहीर केले. ती मदत झाली, न्याय नव्हे. जीव का गेला याचा जबाब मागणे हा आपला हक्क आहे, आणि तो कागदावर, मुदतीत मागितला पाहिजे.