अर्धवेळ, पण कोणते दिवस?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि बाळंतपणाच्या रजेची चर्चा पुन्हा सुरू झाली. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी १२ आठवड्यांची रजा २६ आठवडे झाली होती, ती नव्या संहितेतही कायम आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण मला नेहमी प्रश्न पडतो तो सत्ताविसाव्या आठवड्याचा. रजा संपली, बाळ जेमतेम वरण-भाताची पेज चाटायला लागलं, आता पुढे काय?

आपल्याकडे या प्रश्नाची दोनच उत्तरं ऐकू येतात. ‘पूर्ण वेळ जा’ नाहीतर ‘सोडून दे नोकरी’. हल्ली छोट्या गावांतही तिसरं उत्तर ऐकू यायला लागलंय, काही दिवस अर्धवेळ जाण्याचं. खासगी शाळा, दवाखाने, पतसंस्था, करसल्लागारांची ऑफिसं, कॉम्प्युटर क्लास इथे अशी सोय निघते. मात्र बोलणी होतात ती ‘किती दिवस’ आणि ‘किती पगार’ यावर. ‘कोणते दिवस’ हा प्रश्न कुणी विचारत नाही. जे दिवस ऑफिसला सोयीचे, ते बाईने निमूट घ्यायचे. माझं म्हणणं असं, की पगाराइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, महत्त्वाचा प्रश्न हा आहे. दिवस चुकीचे पडले तर काम पूर्ण, पगार अर्धा आणि बोलणी दोन्हीकडची, अशी गत होते.

आधी कायदा काय देतो ते बघू. रजेनंतर अर्धवेळ काम मागण्याचा हक्क आपल्या कायद्यात नाही. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा त्याला पाजण्यासाठी सुट्टी मिळते. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर मालकाने पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाऊ द्यायचं. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर घरून काम करता येतं, पण तेही दोघांच्या संमतीने. आणि दुकानं-ऑफिसांच्या बाबतीत हा सगळा कायदा दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथेच लागू होतो. आता सांगा, आपल्या गावातल्या दवाखान्यात किती जणी असतात? चार, फार तर पाच. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकींना जे काही मिळवायचं ते बोलूनच मिळवावं लागतं. आणि बोलायचं तर आधी आपल्याला काय हवंय ते पक्कं ठाऊक असावं लागतं.

बाईचे कामाचे दिवस खरोखर कोण ठरवतं, याचं एक बोलकं उदाहरण फ्रान्समध्ये सापडतं. तिथे १९७२ पासून प्राथमिक शाळांना बुधवारी सुट्टी असायची. साहजिकच कितीतरी आया बुधवारी कामाला जात नसत. बघणाऱ्याला वाटायचं, बायकांना बुधवारी घरी राहायची हौसच आहे. पुढे २०१३ च्या सुधारणेनंतर बुधवारी सकाळी शाळा भरू लागली. अभ्यासकांनी आकडे तपासले, तर बऱ्याच आया बुधवारी कामावर दिसू लागल्या होत्या. ज्या कामांत रोज हजर असण्याला जास्त मोल होतं, तिथे हा बदल अधिक दिसला. म्हणजे हौस वगैरे काही नव्हती, शाळेच्या वेळापत्रकाने बायकांचा आठवडा बांधून टाकला होता. पुढे २०१७ मध्ये गावांना पुन्हा चार दिवसांच्या शाळेची मुभा मिळाली आणि बहुतेक ठिकाणी बुधवारची सुट्टी परत आली, ही गोष्ट वेगळी.

आपला आठवडा कशाने बांधलेला असतो? शाळेने तर असतोच, शनिवारी सकाळची शाळा म्हणजे मोठं मूल दुपारी घरी. पण त्याशिवाय आठवडी बाजार असतो. एक दिवसाआड नळाला येणारं पाणी असतं. उपकेंद्रात लसीकरणाचा ठरलेला दिवस असतो आणि बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची लस चुकवून चालत नाही. सासूबाईंचा भजनाचा किंवा दवाखान्याचा दिवस असतो. नवऱ्याचं दुकान असेल तर त्याचा बंदचा वार असतो. हे सगळं एका कागदावर मांडलं तर आपला मोकळा वाटणारा आठवडा किती भरलेला आहे ते कळतं. ऑफिसात दिवस मागायला जाण्याआधी हा कागद तयार हवा.

आता माझा अनुभव सांगते. २०१९ मध्ये मुलगा पाच महिन्यांचा झाल्यावर मी एका करसल्लागाराच्या ऑफिसात आठवड्यातून तीन दिवस परत जायला लागले. सर म्हणाले, “ताई, सोमवार, गुरुवार, शनिवार या.” मला विचारलं नाही, सांगितलं. ऐकायला बरं वाटलं, मध्ये मध्ये सुट्टी. प्रत्यक्षात काय झालं? सोमवारी हातात घेतलेलं काम संध्याकाळी अर्धवट राही. मंगळवार-बुधवार फोन चालू, ‘ताई, त्या पार्टीची बिलं कुठे ठेवलीत?’ गुरुवारी गेले की आधी दोन दिवसांचा ढीग उपसायचा. शिवाय आमचं काम वारावर चालतच नाही, ते तारखांवर चालतं. टीडीएसची ७, जीएसटीच्या विक्री विवरणाची ११ आणि मासिक विवरणाची २०. या तारखा मंगळवारी आल्या की सुट्टी असूनही मी ऑफिसात! त्या दिवसाचे पैसे मात्र नाहीत.

महिनाभर मी डायरीत लिहून ठेवलं, कोणत्या दिवशी सुट्टी असताना किती वेळ कामाला दिला. मग ती डायरी सरांसमोर ठेवली आणि दुसरी मांडणी सुचवली. सोमवार, मंगळवार, बुधवार सलग मी येणार. गुरुवार ते शनिवार ऑफिसातली दुसरी मुलगी माझं काम बघणार, तिला परीक्षेच्या अभ्यासाला पहिले तीन दिवस मोकळे हवेच होते. दोघींमध्ये एक वही, जाताना त्यात सगळं लिहून ठेवायचं. महत्त्वाची तारीख माझ्या सुट्टीत आली तर मी येणार, पण त्याबदली दुसरा दिवस घेणार. सर आधी कुरकुरले, मग म्हणाले, “बघू दोन महिने.” ती मांडणी पुढे दोन वर्षं चालली.

यामागचं तत्त्व मला नंतर वाचनात सापडलं. क्लॉडिया गोल्डिन या अमेरिकी अर्थतज्ज्ञ बाईंना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते स्त्रियांच्या नोकरी-पगाराच्या अभ्यासासाठी. अमेरिकेतल्या औषधविक्रेत्यांचा म्हणजे फार्मासिस्टांचा त्यांनी अभ्यास केला. त्या व्यवसायात कमी तास काम करणारीचा तासाचा दर फारसा घसरत नाही. कारण एका फार्मासिस्टच्या जागी दुसरी सहज उभी राहू शकते, गिऱ्हाइकाची सगळी माहिती कॉम्प्युटरवर असते. उलट ज्या कामात ‘तीच बाई हवी, आत्ताच हवी’ असा आग्रह असतो, तिथे कमी वेळ काम करणाऱ्याला चांगलाच फटका बसतो. आपल्यासाठी याचा अर्थ सोपा आहे. जे दिवस दुसरं कुणी सांभाळू शकेल ते सुट्टीला घ्या, आणि सांभाळणारं माणूस आधी शोधून मगच मागायला जा. ‘मला सुट्टी हवी’ यापेक्षा ‘तुमचं काम असं चालेल’ हे वाक्य मालकाला लवकर पटतं.

मग सलग दिवस चांगले की एक दिवसाआड? सरसकट उत्तर नाही. सलग तीन दिवसांत काम हातावेगळं होतं आणि उरलेले दिवस खरेच मोकळे मिळतात. पण बाळ अंगावर पीत असेल तर सलग तीन दिवस लांब राहणं दोघांनाही जड जातं. सांभाळणाऱ्या आजीचे गुडघेही तिसऱ्या दिवशी बोलू लागतात. एक दिवसाआड गेलं तर बाळाला आणि आजीला उसंत मिळते, पण काम तुटक होतं. रोज अर्धा दिवस हा तिसरा मार्ग. ऑफिस घरापासून दहा मिनिटांवर असेल तर पहिल्या वर्षी तो उत्तम, इथे छोटं गाव खरंच उपयोगी पडतं. पण रोज एसटीने तालुक्याला जाणारीला तो परवडत नाही, कारण काम अर्धं झालं तरी तिकीट आणि वाट पाहणं पूर्णच.

एक हिशेब मात्र प्रत्येकीने करावा. पुढच्या बाळंतपणात पगारी रजा हवी असेल, तर प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं लागतं. आठवड्याला दोन दिवस म्हटले तर वर्षाचे १०४ होतात, म्हणजे थोड्या रजा पडल्या तरी निभावतं. एकच दिवस घेतला तर ५२, तिथे हक्क हातचा जातो. कायदा लागू असलेल्या ठिकाणी काम करणारीने हजेरीपत्रकावर आपलं नाव आणि दिवस बरोबर लागतात ना, ते बघावंच.

आता घराकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. सुट्टीचे दिवस बाळासाठी म्हणून घ्यायचे आणि ते जातात कुठे? ‘आज घरीच आहेस ना’ या एका वाक्यात. गॅसवाला येणार, बँकेत पासबुक भरायचंय, नणंद येणार, पापडाचं पीठ भिजवलंय, सगळं त्या दिवसावर ढकललं जातं. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं दिसलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांची मिनिटं होती ९७. जवळपास पाच तास आणि दीड तास! अर्धवेळ नोकरीने यात फरक पडायचा, तर दिवस ठरवतानाच नवऱ्यालाही बोलावून बसवायला हवं.

नेदरलँड्समध्ये अर्धवेळ काम सर्रास चालतं. तिथे ‘पापादाख’ असा शब्दच आहे, म्हणजे बाबाचा दिवस. आठवड्यातला एक कामाचा दिवस बाबा घरी राहून मुलांना सांभाळतो. आपल्याकडे एवढं एकदम होणार नाही, मला ठाऊक आहे. पण नवऱ्याचा सुट्टीचा वार असतोच ना? आपल्या कामाचा एक दिवस मुद्दाम त्याच वारी घ्यावा. त्या दिवशी बाळ बाबाकडे. सगळ्यांची सुट्टी एकाच दिवशी आली की स्वयंपाक आपल्याकडेच येतो, हे काय मी सांगायला हवं? आजीलाही एक दिवस सुटका मिळते आणि बापलेकांची गट्टी जमते ती वेगळीच.

जे ठरेल ते कागदावर असू द्या. दिवस कोणते, सुट्टीत बोलावलं तर बदली दिवस किंवा पैसे काय, सणाची सुट्टी आपल्या वारी आली तर काय, आणि तीन महिन्यांनी फेरविचार. शिवाय एक ओळ जरूर घाला, की मूल मोठं झाल्यावर पूर्ण वेळ परत येण्याची मुभा राहील. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामाच्या वेळा बदलून मागता येतात, आणि मालकाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो कारण देऊन नाही म्हणू शकतो, पण ऐकून न ऐकल्यासारखं करू शकत नाही. आपल्या संहितेतही निदान एवढं यायला हवं, आणि दहापेक्षा कमी माणसांच्या ऑफिसांनाही ते लागू व्हायला हवं. कारण आपण बहुतेक जणी तिथेच आहोत.

तोवर आपला आठवडा आपल्यालाच मांडायचा आहे. बाळाची पहिली दोन-तीन वर्षं बघता बघता जातात. त्या वर्षांत नोकरीचा धागा तुटला तर पुन्हा जोडताना किती गाठी बसतात, ते गावागावातल्या शिकलेल्या, घरी बसलेल्या आपल्या मैत्रिणींना विचारा. तो तुटू नये म्हणून तीन दिवस पुरतात. फक्त ते आपण निवडलेले असावेत.