बावन्न पायऱ्यांचा हिशेब

भिवंडी म्हटले की यंत्रमाग आणि गोदामे आठवतात. पण याच तालुक्यात, तानसा नदीच्या आसपास, वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही गरम पाण्याच्या कुंडांची गावे आहेत. गुडघे धरलेली, पाय अधू झालेली माणसे या पाण्याने आराम पडेल या आशेने पिढ्यान्‌पिढ्या इथे येतात. मात्र चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतील नवसातून उभे राहिलेले वज्रेश्वरीचे मंदिर ५२ पायऱ्यांवर आहे आणि कुंडात उतरायचे तर पाय ठेवायला ओला, निसरडा दगड. ज्याला या जागेची सर्वांत जास्त गरज, त्याचीच वाट तिथे अडते. त्याला चार जणांनी उचलून नेणे ही माणुसकी खरी. पण दर वेळी कुणाच्या तरी खांद्यावरून जावे लागणे म्हणजे स्वतःच्या इच्छेने जाणे नव्हे.

ही वाट सर्वांसाठी सुगम करा म्हटले की पहिला आक्षेप येतो तो वास्तूच्या जुनेपणाचा. तो रास्त आहे. चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो. पायरी अर्ध्या फुटाची धरली तरी ५२ पायऱ्यांना तीनशे फुटांहून लांब उतार लागेल. तो दर्शनी भागात बांधू नये, हे मान्य. पण बाजूने किंवा मागून लिफ्ट करता येते का, हे तपासायला काय हरकत आहे? सप्तशृंगी गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली चालते. तिथल्या पायऱ्याही जागच्या जागी आहेत. दुसरा आक्षेप खर्चाचा. कुंडाकाठी कठडे, खडबडीत फरशी, रुंद दाराचे स्वच्छतागृह, एसटी थांब्यापासून सलग वाट यांना कोट्यवधी लागत नाहीत. ‘असे लोक येतातच किती?’ हा तिसरा आक्षेप तर उलटा आहे: वाट नाही म्हणून ते येत नाहीत. शिवाय कठडा आजीला, गरोदर बाईला आणि कडेवर मूल घेतलेल्या बापालाही लागतो.

आणि सुगम वाट ही कुणाची मेहेरबानी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारतींत धार्मिक स्थळेही धरली आहेत. जुन्या इमारती सुगम करण्याची पाच वर्षांची मुदत जून २०२२ मध्ये संपली. सुगमतेचे किमान निकष ऐच्छिक असू शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. देवस्थाने, ग्रामपंचायती आणि पर्यटन विभागाने एकत्र बसून, दिव्यांगांना सोबत घेऊन, थांब्यापासून कुंडापर्यंतची वाट एकदा तपासावी. सुरुवात कुंडाच्या कठड्यापासून करावी. ते काम येत्या पावसाळ्याआधीही होऊ शकते.