पुठ्ठ्याची खुर्ची



परवा एका लग्नात आमच्या मावसभावाने नातीच्या खुर्चीकडे पाहून विचारलं, "अण्णा, पेन्शन मिळते ना? मग पोरीला हे गावठी काय? एखादी चांगली विकत घ्या की!" चारचौघांत गप्प बसलो. पण मास्तरकी केलेल्या माणसाला गप्प बसणं जड जातं, म्हणून आज इथे उत्तर देतो. (भाऊराया, वाचत असशील तर रागावू नकोस.)

चांगली म्हणजे काय हो? विकतची चकचकीत खुर्ची आमच्याकडे आहे. माळ्यावर! नातीला सेरेब्रल पाल्सी आहे, वय सहा. त्या खुर्चीची बैठक तिच्या मांडीपेक्षा लांब. पाय लोंबकळायचे, दहा मिनिटांत पोर घसरायची, मान मागे जायची. तशात घास भरवला की ठसका. घरचे म्हणायचे, हिला बसताच येत नाही. चूक पोरीची नव्हती, मापाची होती.

मग खोक्यांचे पुठ्ठे आणले, कणकेची खळ लावून थरावर थर चिकटवले, उन्हात खडखडीत वाळवले. (पुस्तकबांधणीच्या खळीत मोरचूद घालतात. इथे अजिबात नाही, मूल तोंड लावतं.) ही अक्कल माझी नव्हे. झिम्बाब्वेत बेव्हिल पॅकर या शिक्षकाने अशा कागदी वस्तूंचा प्रसार केला.

पहिली खुर्ची फसली, हेही सांगतो. अंदाजाने कापली, गुडघ्यामागे वळ उठला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मलाच विद्यार्थी केलं: आधी मोजा! कुल्ल्याच्या मागून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत जे माप येईल, त्यातून दोन बोटं वजा. बैठकीची उंची गुडघ्यापासून टाचेपर्यंत. कंबर, गुडघा, घोटा तिन्ही काटकोनात. टेबल कोपराच्या उंचीला. आज ती दोन्ही हातांनी वाटी धरते. तिची आई त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडली.

आणि "गावठी" म्हणणाऱ्यांनो, जयपूर फूट आठवा. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा या कारागिराने डॉ. प्रमोद करण सेठींबरोबर तो घडवला, आपल्या माणसाला उकिडवं बसता यावं, शेतात अनवाणी चालता यावं म्हणून. गरज ओळखली ती माणूस पाहून, कॅटलॉग पाहून नव्हे.

याचा अर्थ सरकार सुटलं असा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याला १८ वर्षांपर्यंत योग्य साधनं मोफत द्यायची आहेत. "योग्य" हा शब्द कायद्यातच आहे. तेव्हा समारंभात हार घालून मोठ्या माणसाची खुर्ची लहान मुलाला देणाऱ्यांनी आधी टेप घेऊन यावं.

पोर वाढतेय. दिवाळीनंतर पुन्हा मोजायचं, पुन्हा खळ शिजवायची. लाज वाटायची असेल तर माळ्यावरच्या खुर्चीची वाटावी, ओसरीवरच्या नाही.

असो. रद्दी टाकू नका, आमच्याकडे पाठवा!