शिष्यवृत्ती ही भिक्षा नव्हे

बौद्ध बंधुभगिनींनो,

ज्ञातिफंडाच्या शिष्यवृत्त्या वंशजांना कुळाच्या नावावर मिळतात. आपल्या मुलांची सरकारी शिष्यवृत्ती मात्र पूर्वजांवर झालेल्या अन्यायाची भरपाई आहे. ती कोणाची मेहरबानी नव्हे. मग जळगाव-धुळ्याकडील आपले जे बांधव अर्जात धर्म ‘हिंदू’ लिहितात, ते कोणाला भितात? ‘बौद्ध लिहिले तर सवलत बुडेल’ ही धास्ती केंद्राच्या सवलतींबाबत एके काळी खरी होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचे दार हिंदूंपुरते ठेवले. १९५६ साली ते शिखांना उघडले आणि आपणांस १९९० पर्यंत तिष्ठावे लागले. आज त्या धास्तीस कायद्यात आधार नाही.

धर्म ‘बौद्ध’च लिहा, पूर्वीची जात केवळ पुराव्यापुरती सांगा. वाडवडिलांचे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे शाळेचे दाखले, महसुली नोंदी आजच शोधा आणि उपविभागीय अधिकाऱ्याकडून जातीचा दाखला वेळेवर काढा.

१९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते स्वत्व गहाण टाकून नव्हे. चारचौघांत दीक्षा घ्यावयाची आणि अर्जात ती लपवावयाची, हा कोणता धम्म? हक्क मागा; पण स्वतःच्या नावाने मागा!