पाहुण्यांपुरते रंगलेले शहर

पाहुणा येणार म्हणून घर सारवावे, हा आपला रिवाज. पण तो गेल्यावर भिंतींकडे पाठ फिरवावी, हा नव्हे. फेब्रुवारी 2023 मध्ये जी-20 परिषदेअंतर्गत डब्ल्यू-20 ची बैठक आपल्या शहरात भरली आणि तिच्या स्वागतासाठी शहरातील भिंती रंगल्या. चित्रे काढली, ही आमची तक्रार नव्हे. कोणत्या भिंतीवर काय असावे, हे तिच्यासमोर राहणाऱ्यांना कोणी विचारले? आणि त्यांची निगा कोण राखणार?

छावणीची पंचाईत आणखी निराळी. छावणी परिषद आणि महापालिका यांच्या हद्दी वेगळ्या. पण डोळ्यांना हद्द नसते. दोहोंचा आराखडा एकच हवा.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्याचा आग्रह धरला. कलाकृती पारखताना बिशपांनी धर्मप्रांतीय कलामंडळाचे म्हणणे ऐकावे, असेही सांगितले. मंदिराला जी शिस्त, ती चौकाला का नको?

शहरात शासकीय कला महाविद्यालय आहे. तेथील कलावंत, रहिवासी आणि दोन्ही संस्था यांचे मंडळ नेमा, आराखडा जाहीर करा, देखभालीचा पैसा आधी बाजूला काढा. मलिक अंबरने 1612 मध्ये बांधलेला भडकल दरवाजा अद्याप उभा आहे. आपल्या रंगांनी निदान चार पावसाळे तरी सोसावेत.