संगणक मुका होतो तेव्हा

ठाण्यातील जांभळी नाक्यावरचे घाऊक दुकान असो वा कल्याणच्या बाजारपेठेतील पेढी, गल्ल्याशेजारी दहा-बारा वर्षांचा जुना संगणक हमखास आढळतो. महिन्याची १९ तारीख असते, जीएसटीचे विवरणपत्र दुसऱ्या दिवशी भरायचे असते आणि नेमके त्याच सकाळी बटण दाबूनही काही घडत नाही. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही. मुलगा म्हणतो, "पप्पा, आता नवाच घेऊन टाकू." वडील विचारतात, "घेऊ रे. पण आतल्या हिशेबाचं काय?"

प्रश्न रास्त आहे. जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. मात्र हिशेब असतो हार्ड डिस्कमध्ये आणि संगणक असा पूर्ण मुका होतो तो बहुधा वीज पुरवणाऱ्या पेटीमुळे. बाजारात तिला 'एसएमपीएस' म्हणतात. घरातील २३० व्होल्टच्या विजेचे ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करते. धूळ, उष्णता, पावसाळी दमटपणा आणि विजेचा चढउतार यांनी तिच्यातील कपॅसिटर फुगतात व ती निकामी होते. पेटी गेली म्हणजे हिशेब गेला, असे नव्हे.

तेरीज जुळली नाही तर जुने मुनीम सारी खतावणी पुन्हा लिहायला बसत नसत. आधी बेरजा तपासत. फरकाला ९ ने भाग गेला, तर अंकांची अदलाबदल झाली असावी, असे ताडत. सोप्यापासून अवघडाकडे आणि एका वेळी एकच गोष्ट, हीच शिस्त येथेही उपयोगी पडते.

प्रथम त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून पाहावा. तो लागला नाही, तर दोष स्पाइकगार्ड, यूपीएस किंवा सॉकेटचा. तो लागला, तर संगणकाच्या मागील बाजूचा छोटा स्विच चालू आहे का आणि वायर घट्ट बसली आहे का, हे पाहावे. दुसरी वायर लावून पाहणेही स्वस्त उपाय. पंखा फिरत असून पडदा काळा असेल, तर संशय रॅम किंवा मॉनिटरवरही घ्यावा लागतो.

यापुढील काम तंत्रज्ञाचे. पण मालकाला ते समजले पाहिजे. पेटी मदरबोर्डपासून सोडवून तिच्या मोठ्या जोडणीतील हिरवी व काळी तार तो तारेच्या तुकड्याने जोडतो आणि मग वीज देतो. पंखा फिरला, तर पेटीत जीव आहे. मीटरवर पिवळ्या तारेत ११.४ ते १२.६ आणि लाल तारेत ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसायला हवेत. तरीही हा निर्वाळा अंतिम नव्हे. बिनभाराची पेटी ठीक वाटते आणि भार पडताच मान टाकते. म्हणून खरी कसोटी एकच: दुसरी चांगली पेटी जोडून पाहणे. संगणक सुरू झाला, तर निदान पक्के. ही कसोटी समोर करून दाखवल्याशिवाय "मदरबोर्ड गेला" हे कोणाचेही म्हणणे मान्य करू नये.

पेटी स्वतः मात्र कधीही उघडू नये. वीज काढल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा अधिक दाब काही काळ राहू शकतो. तो जिवावर बेतू शकतो.

संगणक पुन्हा सुरू झाल्यावर आधी तारीख पाहावी. जुन्या मदरबोर्डवरील ३ व्होल्टचा गोल सेल संपलेला असेल, तर घड्याळ अनेक वर्षे मागे जाते आणि बिलावर चुकीची तारीख पडते. त्यानंतर त्याच दिवशी हिशेबाच्या दोन प्रती काढाव्यात. एक दुकानात, दुसरी घरी. २६ जुलै २००५ च्या महापुरात कल्याण परिसराने जे पाहिले, त्यानंतर सर्व हिशेब एकाच छताखाली ठेवणे शहाणपणाचे नाही.

संगणक नवा घ्यायचा की नाही, हे नंतर निवांत ठरवता येते. निदानाआधी केलेला खर्च हा खर्च नसून घबराटीची किंमत असते.