पुण्याला जाल तेव्हा दोन तास केळकर संग्रहालयासाठी

आपल्या नगर जिल्ह्यातून पुण्याला जाणं काही नवं नाही. दवाखाना, मुलांचे प्रवेश, लग्नाचा बस्ता, नाहीतर पाहुण्यांकडचं कार्य. काम उरकलं की सगळ्यांना परतीच्या एसटीची घाई. अहिल्यानगरच्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या खेपेला दोन तास हाताशी ठेवा आणि बाजीराव रस्त्याजवळचं, शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघून या. जमलं तर घरातल्या आजीला आणि शाळकरी मुलांना बरोबर न्या.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचं पुण्यात चष्म्याचं दुकान होतं. ‘अज्ञातवासी’ या नावानं ते कविता करत. १९२०च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा ध्यास लागला. गावोगाव हिंडून, पदरमोड करून त्यांनी वीस हजारांवर वस्तू गोळा केल्या. पत्नी कमलाबाईंची त्यांना मोठी साथ होती. त्यांचा राजा हा मुलगा लहानपणीच गेला. त्याचं नाव या संग्रहाला दिलं आणि १९७५ साली हे सगळं धन राज्य सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या हवाली केलं.

आता तिथं बघायचं काय? अडकित्ते, समया, पानाचे डबे, विळ्या, खवण्या, कुलपं, दौती, वाद्यं. म्हणजे आपल्याच पणजोबा-पणजींच्या हाताखालच्या वस्तू. पाय घासायची वज्री घ्या. खालची बाजू खरखरीत, टाचेची माती निघेल अशी. वर पितळेचा मोर नाहीतर पोपट, मुठीत नीट बसेल असा. काम साधं टाच घासायचं, पण ओतारी कारागिरानं त्यातही पक्ष्याची मान डौलदार वळवली. आपल्याकडची कला देवळात आणि दरबारात होती, तशी न्हाणीघरात आणि चुलीपाशीही होती, हे तिथं डोळ्यांनी दिसतं. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महालही तिथं आहे. तो बघाच, पण त्याच्यासाठी विळ्या-अडकित्त्यांची दालनं घाईनं उरकू नका.

थोडी पूर्वतयारी करा. उघडण्याच्या वेळा आणि सुट्टीचा दिवस आधी विचारून घ्या. फोटो काढायचे तर दाराशी नियम विचारा. मजले चढायचे आहेत, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना दमानं घ्या. सगळं एका दमात बघायचा हट्ट धरू नका. एखादंच दालन निवडा, एका वस्तूपाशी थांबा. ती धरायची कशी, ठेवायची कुठं, झिजली कुठं, हे मुलांना ओळखू द्या. पाटीवर मावत नाही ते आजीला विचारा. पुष्कळ वस्तू तिनं वापरलेल्या असतील आणि तिची माहिती कुठल्याही पुस्तकापेक्षा पक्की असेल.

घरी आल्यावर आणखी एक काम करा. माळ्यावरचं पितळ मोडीत घालण्याआधी एकदा खाली उतरवा. वस्तू कुणाची, कुठल्या गावची, कशाला वापरायची, हे कागदावर लिहा आणि फोटो काढून ठेवा. नुसती वस्तू उरली आणि तिची हकिकत गेली, तर पुढच्या पिढीच्या लेखी ते भंगारच. घरी सांभाळणं जमत नसेल, तर आपल्या नगर शहरातही १९६० पासून ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. तिथं जाऊन चौकशी करा, आणि तेही एकदा सवडीनं बघा.

मोडीत वजनाचे पैसे मिळतात, घडणावळीचे मिळत नाहीत. केळकरांनी त्या घडणावळीचं मोल ओळखलं आणि त्यासाठी आयुष्य वेचलं. आपल्याला फक्त दोन तास द्यायचे आहेत. येत्या सुट्टीतच जाऊन या.